हॅरी फर्ग्युसन : ट्रॅक्टरला अवजार जोडणारा माणूस



आपल्या नामपूर परिसरात, म्हणजे मोसम नदीच्या काठच्या या बागलाणात, द्राक्ष, डाळिंब आणि कांदा ही घराघरांत बोलली जाणारी पिके. बाग म्हटली की खांब आले, अँगल आले, तार आली आणि मोकाट जनावरांपासून बचावासाठी कुंपण आले. पूर्वी या कामाला पहार, टिकाव आणि घमेले एवढेच लागायचे. आता ट्रॅक्टरच्या मागे लावलेले खड्डे घेण्याचे यंत्र, म्हणजे पोस्ट होल डिगर, येते आणि मोठ्या स्क्रूसारखा त्याचा ऑगर जमिनीत शिरून माती वर फेकतो. मुले कुंपणाजवळ उभी राहून हे बघत असतात.

असे यंत्र घ्यायचे किंवा भाड्याने आणायचे ठरले की पारावर पहिला प्रश्न निघतो तो ट्रॅक्टर किती एचपीचा, हा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. ट्रॅक्टर आणि अवजार एकमेकांना नीट जुळतात का, हा पहिला प्रश्न. ही गोष्ट जगाला ज्या माणसाने पटवून दिली, त्याचे चरित्र आज आपण पाहणार आहोत. त्याचे नाव हॅरी फर्ग्युसन. मॅसी फर्ग्युसन हे नाव ट्रॅक्टरच्या बॉनेटवर अनेकांनी वाचलेले असते. त्यातला फर्ग्युसन तो हाच.

इयत्ता आठवी-नववीच्या विज्ञानात तरफ, बल आणि दाब शिकवताना हे चरित्र फार उपयोगी पडते. शेवटी वर्गात घेता येतील असे काही उपक्रमही दिले आहेत.

शेतकऱ्याचा मुलगा, पण शेतीला कंटाळलेला

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1884 रोजी आजच्या उत्तर आयर्लंडमधील डाउन परगण्यात, ड्रोमोर गावाजवळच्या ग्रोवेल येथे झाला. वडील जेम्स शेतकरी. घरात अकरा भावंडे, शिस्त अतिशय कडक. हॅरी अंगापिंडाने किरकोळ. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि वडिलांच्या शेतावर राबणे सुरू झाले. घोड्यांच्या मागे नांगर धरून चालायचे, दगड वेचायचे, खड्डे घ्यायचे. या कामाचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

हे मुलांना जरूर सांगा. शेतीतल्या कष्टांचा कंटाळा येणे म्हणजे आळशीपणाच असतो असे नाही. कंटाळा आल्यावर माणूस काय करतो, त्यावर सगळे ठरते. हॅरी यांनी देश सोडून परदेशी जायचा विचार केला होता. पण त्याआधीच, 1902 मध्ये, थोरल्या भावाने, जो यांनी, त्यांना बेलफास्ट शहरातल्या आपल्या सायकल आणि मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला घेतले. तिथे हॅरींचे हात बोलू लागले. बिघडलेले इंजिन नुसते ऐकून दुरुस्त करणारा पोरगा म्हणून गिऱ्हाइके त्यांना ओळखू लागली.

इथे आपल्या महाराष्ट्राचे एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म 1869) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांनीही सुरुवात केली ती बेळगावात सायकलींच्या दुकानापासून, 1888 मध्ये. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. दोघांची कधी भेट झाली नाही, देश वेगळे, परिस्थिती वेगळी. पण सायकलीच्या दुकानातून नांगराकडे जाण्याची वाट मात्र सारखीच. लहान यंत्र हाताखालून गेले की मोठ्या यंत्राची भीती जाते, एवढे यातून शिकण्यासारखे आहे.

आधी आकाश, मग माती

तरुण वयात फर्ग्युसन यांना वेड लागले ते विमानाचे. अमेरिकेत राइट बंधूंनी विमान उडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. हॅरींनी 1909 मध्ये विमानांची प्रदर्शने पाहिली, मापे मनात साठवली आणि परत येऊन स्वतःच विमान बांधायला घेतले. 31 डिसेंबर 1909 रोजी हिल्सबरो येथे त्यांचे विमान जमिनीवरून उचलले गेले आणि सुमारे 120 मीटर उडाले. आयर्लंडमधले ते पहिले उड्डाण मानले जाते. आपल्या शाळेच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साधारण एवढेच! पण पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, न्यूकॅसल या किनाऱ्यावरच्या गावी ते जवळजवळ तीन मैल उडाले आणि 100 पौंडांचे बक्षीस त्यांनी मिळवले.

विमानाच्या धोक्यावरून भावाशी खटके उडू लागले. शेवटी 1911 मध्ये हॅरींनी बेलफास्टमध्येच स्वतःचा वेगळा मोटारींचा धंदा सुरू केला. 1913 मध्ये मॉरीन वॉटसन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. विमान मागे पडले, पण त्यातून शिकलेली एक गोष्ट आयुष्यभर त्यांच्याजवळ राहिली. विमानात प्रत्येक किलो वजनाला उत्तर द्यावे लागते. उगाच जड केलेली वस्तू उडत नाही. हीच दृष्टी पुढे त्यांनी ट्रॅक्टरला लावली आणि तिथेच बाकीच्या कारखानदारांपेक्षा ते वेगळे ठरले.

1917 : बिघाड ट्रॅक्टरमध्ये नाही, जोडणीत आहे

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये धान्याची टंचाई निर्माण झाली. समुद्रात पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या, त्यामुळे बाहेरून धान्य येणे अवघड झाले. जास्तीत जास्त जमीन नांगराखाली आणायची म्हणून सरकारने ट्रॅक्टरवर भर दिला. फर्ग्युसन तेव्हा परदेशी ट्रॅक्टर विकत असत. 1917 मध्ये आयर्लंडच्या शेतकी खात्याने त्यांच्यावर काम सोपवले, की गावोगाव फिरा आणि ट्रॅक्टर नीट चालतील असे बघा. विल्यम सँड्स या आपल्या हुशार सहकाऱ्याला बरोबर घेऊन ते निघाले.

शेतोशेत फिरताना त्यांच्या लक्षात आले की ट्रॅक्टर घोड्याची जागा घेतोय, पण नांगर अजून घोड्याचाच आहे. दोन चाकांचा जड नांगर साखळीने ट्रॅक्टरच्या मागे ओढायचा. पुढे एक माणूस ट्रॅक्टरवर, मागे दुसरा नांगरावर. ओढण्यासाठी पकड हवी म्हणून ट्रॅक्टर जड करायचा, आणि जड ट्रॅक्टर गेला की जमीन दाबली जायची. म्हणजे नांगरून भुसभुशीत करायचे आणि चाकांनी पुन्हा घट्ट करायचे. उलटाच धंदा!

त्याहून भयंकर गोष्ट होती ती अपघातांची. फोर्ड कंपनीचा फोर्डसन हा स्वस्त ट्रॅक्टर 1917 मध्ये निघाला आणि झपाट्याने पसरला. नांगर जमिनीतल्या दगडाला किंवा मुळाला अडकला की या ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उठायचे आणि क्षणात तो मागे पलटी होऊन चालवणाऱ्यावर पडायचा. कित्येक शेतकरी असे मेले.

असे का व्हायचे? हे वर्गात खेळण्यातल्या गाडीने दाखवता येते. मागची चाके अडली आणि इंजिन जोर लावतच राहिले, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरू लागते. मागे अडकलेली साखळी त्याला थोपवू शकत नाही, कारण साखळी फक्त ओढते, ढकलू शकत नाही. फर्ग्युसन यांनी नेमके हे पकडले. साखळीच्या जागी ताठ दांडे हवेत, असे त्यांच्या मनाने घेतले.

तीन बिंदूंची जोड

पुढची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी या एकाच प्रश्नावर घालवली. 1917 मध्येच त्यांनी चाके नसलेला हलका नांगर केला, जो ट्रॅक्टरलाच जोडला जायचा. मग दोन दांड्यांची जोडणी केली. ती फोर्डसनला बसवून विकण्यासाठी 1925 मध्ये अमेरिकेत शर्मन बंधूंबरोबर भागीदारी केली. 1926 मध्ये हायड्रोलिकवर चालणाऱ्या नियंत्रणाचे पेटंट मिळाले. पण 1928 मध्ये फोर्डने अमेरिकेत ट्रॅक्टर बनवणेच थांबवले आणि फर्ग्युसन यांचा नांगर पोरका झाला. ज्या ट्रॅक्टरसाठी अवजार केले तोच बाजारातून गेला! दुसरा कुणी असता तर हाय खाऊन बसला असता. त्यांनी ठरवले, आता ट्रॅक्टरही आपणच करायचा.

1933 मध्ये बेलफास्टला त्यांचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. त्याला काळा रंग दिला होता म्हणून तो काळा ट्रॅक्टर याच नावाने ओळखला जातो. आज तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

आता ही जोडणी नीट समजून घेऊ. आपल्या गावातल्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा. खाली डावीकडे आणि उजवीकडे दोन दांडे, आणि वर मधोमध एक. खालचे दोन दांडे अवजार ओढतात. जमिनीचा विरोध आला की अवजार पुढे कलंडू पाहते आणि वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. त्यामुळे ट्रॅक्टरचे तोंड वर उठण्याऐवजी जमिनीला धरून राहते. विरोध वाढला की वरच्या दांड्यावरचा दाब वाढतो, तो हायड्रोलिक यंत्रणेला कळतो आणि ती अवजार थोडे वर घेते. अवजाराचे आणि मातीचे वजन मागच्या चाकांवर येते, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते. अवजार अगदीच अडले, तर वजन चाकांवरून कमी होऊन चाके जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टर पलटी होत नाही.

म्हणजे बघा, ज्या दगडामुळे आधी माणूस मरायचा, त्याच दगडामुळे आता फक्त चाक घसरते. नवे पोलाद नाही, मोठे इंजिन नाही. तीन दांडे योग्य जागी बसवले आणि हायड्रोलिकला थोडी समज दिली, एवढेच. साधी यंत्रे हा पाठ शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

हस्तांदोलन आणि कोर्टकचेरी

1936 पासून इंग्लंडमधल्या डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात फर्ग्युसन ट्रॅक्टर बनू लागले. साधारण 1350 ट्रॅक्टर बनले, पण विक्री मंद होती आणि दोन भागीदारांचे मतभेद वाढले. तेव्हा फर्ग्युसन यांनी एक ट्रॅक्टर आणि अवजारे जहाजावर चढवली आणि ते थेट अमेरिकेला हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले.

ऑक्टोबर 1938. फोर्ड यांच्या शेतावर फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टर चालवून दाखवला. मग एक टेबल मागवले आणि त्यावर छोटे मॉडेल ठेवून जोडणी कशी काम करते ते समजावून सांगितले. फोर्ड हे स्वतः शेतकऱ्याचे पोर, त्यांना लगेच पटले. दोघांनी हातात हात दिला आणि करार झाला. कागद नाही, वकील नाही. 1939 मध्ये या जोडणीचा फोर्ड ट्रॅक्टर बाजारात आला आणि 1947 पर्यंत असे तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले.

तोंडी कराराची दुसरी बाजू पुढे दिसली. फोर्ड वृद्ध झाले आणि कंपनी नातवाच्या, हेन्री फोर्ड दुसरे यांच्या हाती आली. त्यांनी हा करार मोडला, मात्र तीच जोडणी असलेला नवा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसन यांनी अमेरिकेच्या न्यायालयात 25 कोटी 10 लाख डॉलरचा दावा लावला. खटला वर्षानुवर्षे चालला. 1952 मध्ये तडजोड होऊन त्यांना 92 लाख 50 हजार डॉलर मिळाले. मागितले त्याच्या मानाने थोडे, पण एका आयरिश शेतकऱ्याच्या मुलाने जगातल्या बलाढ्य कंपनीला द्यायला लावलेले. शब्दाला किंमत असते हे खरे, पण व्यवहार कागदावर हवा हेही तितकेच खरे. आपल्याकडे बांधावरून, वाटणीवरून होणारी भांडणे पाहिली की हा धडा लांबचा वाटत नाही.

करडा छोटा ट्रॅक्टर

खटला सुरू होण्याआधीच इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात 1946 पासून फर्ग्युसन टीई-20 हा ट्रॅक्टर बनू लागला. करड्या रंगाचा, अंगाने लहान, सव्वा टनाच्या आतला. 1956 पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. लहान शेतकऱ्याला परवडणारा आणि एका माणसाने चालवता येणारा ट्रॅक्टर म्हणून तो गाजला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांची तुकडी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली ती याच जातीच्या ट्रॅक्टरांवर बसून, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात.

फर्ग्युसन नुसता ट्रॅक्टर विकत नव्हते. नांगर, वखर, पेरणी यंत्र, गवत कापणी यंत्र, लाकूड कापायची करवत आणि खांबांसाठी खड्डे घेणारे यंत्र, अशी अवजारांची मालिकाच त्यांनी काढली. सगळी त्याच तीन बिंदूंवर बसणारी. ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याला तो वापरायचे शिक्षण मिळायलाच हवे असा त्यांचा आग्रह होता, म्हणून कॉव्हेंट्रीजवळ स्टोनले येथे त्यांनी प्रशिक्षण केंद्रही चालवले. शिक्षक म्हणून आपल्याला ही गोष्ट विशेष भावते.

1953 मध्ये त्यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाली. व्यवहारात दहा लाख डॉलरचा फरक उरला, तो नाणे उडवून मिटवला गेला. फर्ग्युसन हरले आणि हसत ते नाणे मात्र आठवण म्हणून ठेवून घेतले. लवकरच ते कंपनीतून बाहेर पडले. शेवटची वर्षे त्यांनी मोटारींच्या सुरक्षिततेसाठी, चारही चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेवर काम केले. 25 ऑक्टोबर 1960 रोजी इंग्लंडमधल्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासमध्ये, आताच्या चेन्नईत, मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे ही कंपनी स्थापन झाली.

दरम्यान त्यांच्या मूळ पेटंटांची मुदत संपली होती. मग जगातल्या सगळ्याच कंपन्यांनी ही जोडणी उचलली. आज नामपूरच्या शेतात उभा असलेला ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा, कोणत्याही रंगाचा असो, त्याच्या पाठीशी फर्ग्युसन यांचे तीन दांडे असतातच.

आता आपल्या खांबाच्या खड्ड्याकडे

चरित्र इथे संपले तर ते नुसते वाचून ठेवण्यापुरते राहील. म्हणून फर्ग्युसन यांच्याच नजरेने खड्डे घेण्याचे यंत्र निवडून बघू. घरी हा विषय निघाला तर पालकांनाही याचा उपयोग होईल.

जोडणी आधी बघा. तीन बिंदूंच्या पिनांचे ठरावीक गट असतात. पहिल्या गटात खालची पिन सुमारे 22 मिलिमीटर आणि वरची 19 मिलिमीटर जाडीची असते. दुसऱ्या गटात त्या सुमारे 28 आणि 25 मिलिमीटर असतात. ट्रॅक्टर एका गटाचा आणि यंत्र दुसऱ्या गटाचे असले तर योग्य बुश घालावे लागते. ढिल्या पिनेवर तार गुंडाळून काम भागवू नये.

मग पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा शाफ्ट. खड्ड्याच्या यंत्राला साधारणपणे मिनिटाला 540 फेऱ्यांचा वेग लागतो. यंत्राच्या गिअरबॉक्समध्ये आडवी फेरी उभी होते आणि वेग कमी होऊन जोर वाढतो. जोडणारा शाफ्ट यंत्र पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना, दोन्ही वेळा मापून बघावा. आखूड असला तर मध्येच निसटतो, लांब असला तर गिअरबॉक्सवर ठोसा बसतो.

त्यानंतर जमीन. काळी चिकण माती ओली असेल तर ऑगरला चिकटून बसते, आणि खड्ड्याची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. खांबाला ते चालते, पण त्याच यंत्राने डाळिंबासाठी खड्डे घेतले तर भिंत पहारीने खरवडून घ्यावी, नाहीतर मुळे आतच गोल फिरतात. मुरमात धारदार, बदलता येणारे दात असलेला ऑगर हवा. आणि काळा पाषाण लागला तर ऑगरचा हट्ट सोडावा. तिथे ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर किंवा ब्रेकर हेच खरे. परदेशात खांब थेट जमिनीत ठोकणारी यंत्रेही वापरतात, पण ती लाकडी आणि लोखंडी खांबांसाठी. आपला सिमेंटचा खांब असा ठोकला तर तडकेल.

मग ऑगरची जाडी. चार इंची खांबाला 9 किंवा 12 इंची खड्डा पुरतो, लोखंडी अँगलला 6 इंचीही चालतो. मोठा खड्डा म्हणजे मजबूत खांब, असे नाही. मोठा खड्डा म्हणजे भरायला जास्त काँक्रीट. खोली मात्र राखावी. सात फुटी खांब असेल तर दोन फूट किंवा थोडा जास्त जमिनीत हवा. कोपऱ्याचे खांब आणखी खोल, आणि त्यांना तिरपे टेकू हवेतच, कारण सगळ्या तारेचा ताण तेच घेतात.

एचपीचा प्रश्न येतो तो इथे. नऊ-बारा इंची ऑगरला आपल्याकडचे नेहमीचे 35 ते 50 एचपीचे ट्रॅक्टर पुरेसे असतात. लहान ट्रॅक्टर असेल तर यंत्राच्या माहितीपुस्तकात दिलेली मर्यादा पाळून लहान ऑगर घ्यावा. आणि वर्षातून चार दिवसच काम असेल तर यंत्र विकत घेण्याऐवजी भाड्याने आणणे किंवा चार जणांनी मिळून घेणे शहाणपणाचे.

सर्वांत महत्त्वाचे

फर्ग्युसन यांच्या जोडणीची एक मर्यादा इथे लक्षात घ्यायला हवी. नेहमीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार वर उचलते, पण खाली दाबत नाही. खाली जाते ते अवजाराच्या स्वतःच्या वजनाने. त्यामुळे घट्ट मुरूम लागला की ऑगर नुसता घासत राहतो. अशा वेळी एखादा माणूस, कधीकधी तर मुलगा, यंत्राच्या दांड्यावर वजन म्हणून बसवला जातो. हे कधीही करू नये. खाली फिरता ऑगर, मागे फिरता शाफ्ट, आणि मध्ये माणूस! त्यापेक्षा आदल्या दिवशी खड्ड्याच्या जागी पाणी सोडावे, दात बदलावेत, आधी लहान ऑगरने भोक घ्यावे किंवा खाली दाब देणारी हायड्रोलिक सोय असलेले यंत्र आणावे.

ऑगर एकदम खोल सोडू नये. वीतभर खाली, पुन्हा वर, माती झटकायची, पुन्हा खाली. ऑगर मुळात अडकला तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, मगच खाली उतरायचे. जास्त जोर आला की तुटणारा एक बोल्ट यंत्रात मुद्दाम ठेवलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून जागी कडक बोल्ट घालणाऱ्यांची संख्या कमी नाही. तो बोल्ट तुटतो म्हणूनच गिअरबॉक्स आणि माणूस वाचतो, हे विसरू नये.

एक हिशेब मुलांकडून करून घ्या. मिनिटाला 540 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 9. शाफ्टची जाडी 7 सेंटिमीटर धरली तर एका फेरीत सुमारे 22 सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ 2 मीटर. ओढणी, उपरणे, साडीचा पदर, ढगळ शर्ट, यांतले काही अडकले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे कव्हर जागेवर नसेल तर ते यंत्र शेतात घेऊ नये, भाडे कितीही कमी असले तरी. आणि काम चालू असताना मुलांनी लांबच उभे राहायचे.

ट्रॅक्टर पलटी होऊन माणसे मरू नयेत म्हणून एका माणसाने आयुष्याची वीस वर्षे दिली. त्याच्याच तीन दांड्यांवर बसलेल्या यंत्रापाशी आपण निष्काळजी राहिलो, तर त्याच्याकडून काहीच शिकलो नाही असे होईल.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम

1. गणित : एक एकर (सुमारे 4047 चौरस मीटर) चौरस शेताची बाजू आणि परिमिती काढा. दर 3 मीटरला एक खांब धरला तर किती खांब लागतील? (उत्तर सुमारे 85.)

2. गणित : 9 इंची आणि 12 इंची व्यासाच्या, सारख्याच खोलीच्या खड्ड्यांतल्या मातीची तुलना करा. व्यास थोडासाच वाढला तरी माती पावणेदोन पटीहून अधिक का होते, ते वर्गाच्या साहाय्याने समजावून घ्या.

3. विज्ञान : खेळण्यातल्या गाडीला मागे एकदा दोरा आणि एकदा ताठ काडी जोडून उतारावर ओढा. दोरा ढकलू शकत नाही, काडी ढकलू शकते, हे अनुभवा.

4. परिसर : मोठ्यांच्या सोबतीने, इंजिन बंद असलेल्या ट्रॅक्टरच्या मागचे तीन दांडे, पिना, पीटीओ आणि त्यावरचे कव्हर बघून आकृती काढा व नावे द्या. कव्हर नसेल तर घरी तसे सांगा.

5. भाषा : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि हॅरी फर्ग्युसन यांच्यातील साम्ये व फरक दहा ओळींत लिहा.

चौथा उपक्रम सुट्टीच्या आधी जरूर द्यावा. कव्हर नसल्याचे मोठ्यांच्या नजरेतून सुटते, मुलांच्या आकृतीत ती जागा रिकामी राहिली की लगेच दिसते.